कान नसलेलं अक्षर

आमच्या हंगथांग गावात फंग मानछांग या माणसाने कुणाला सरळ उत्तर दिलेलं कुणी ऐकलं असेल, तर त्याने माझ्या दुकानात यावं, मी त्याला टोफूची मोठी वडी वर कोथिंबीर घालून खाऊ घालीन. माझं दुकान गावच्या वेशीवर आहे, लांब भिंतीच्या बरोबर समोर. सकाळी टोफू लावायचा आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकायचं, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. त्यातलं निम्मं बोलणं मानछांगकाकांचं, आणि त्यातलं निम्मं कुणालाच न कळलेलं.

काकांना चार अक्षरांचं वेड आहे. आमच्या चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द. जुन्या पुस्तकांतून आलेले चार-चार अक्षरांचे बांधीव शब्द असतात ना, डोंगराआडच्या त्या सुखी गावाचं वर्णन करणारे, जिथे ना कर, ना लढाई, ना तालुक्याचा माणूस, ते त्यांना शेकड्यांनी पाठ. शाळा सहावीला सुटली, पण जाताना मास्तरांनी असल्या शब्दांची एक वही हातात दिली, आणि तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. साधं मीठ मागायचं तरी चार अक्षरांत. एकदा बायकोला ताप भरला, तर यांनी डॉक्टरला तिची अवस्था चार अक्षरांत ऐकवली. डॉक्टरने पोटातल्या वाताचं औषध दिलं. ती बरी झाली ती स्वतःच्या हट्टाने.

ती म्हणजे यीनहुआकाकू. तिला अक्षरओळख नाही, आणि त्याचं तिला दुःखही नाही. "एका घरात एवढी अक्षरं पुरे झाली," ती म्हणते. "आमच्या ह्यांना भूक लागली तरी ती आधी ओळीत बसवावी लागते. तोवर भात गार."

काकांचा धंदा भिंती रंगवण्याचा. पांढरा चुना, लाल रंग, आणि वरून जो मजकूर येईल तो. चाळीस वर्षांत काय काय लिहिलं त्यांनी. मूल एकच पुरे. डुकरं वाढवा. डोंगरात काडी ओढाल तर कोठडीत बसाल. घरात फोन घ्या, सुखी व्हा. जुन्यावर चुना मारायचा आणि नवं लिहायचं. एका पावसाळ्यात गिरणीच्या भिंतीचा चुना निघाला आणि खालचं-वरचं एक होऊन 'डुक्कर एकच पुरे, मुलं वाढवा' असं दिसायला लागलं. तालुक्याची गाडी येऊन थांबली तेव्हा काका भिंतीला पाठ लावून दोन तास उभे राहिले होते. पाठीने जेवढं झाकता येईल तेवढं झाकलं.

हे सगळं ते करत आले, तक्रार न करता. पण एकदा माझ्या बाकावर बसून, टोफूवर लाल मिरचीचं तेल ओतता ओतता, ते मला म्हणाले होते, "लियान, गावातली एक भिंत नाही जिच्यावर माझा हात फिरला नाही. आणि एक भिंत नाही जिच्यावर माझ्या मनातलं आहे." मी हसले होते. आता वाटतं, हसायला नको होतं.

तर गेल्या वर्षी आमच्याकडे मियाओ नावाचे नवे सचिव आले. वय एकतीस, बूट नेहमी स्वच्छ, आणि डोक्यात एकच गोष्ट: हंगथांगला 'सुंदर गाव'चा बोर्ड मिळाला पाहिजे. पाहणीला शरद ऋतूच्या शेवटी वरून माणसं येणार होती. मियाओ साहेबांनी कुठल्याशा चित्रात पाहिलं होतं की सुखी गावात पीचची फुलं असतात. आमच्याकडे त्या दिवसांत असतात परसिमोन, नारिंगी, लटकलेले, पक्ष्यांनी टोचलेले. साहेबांनी पोतंभर प्लास्टिकची गुलाबी फुलं आणली आणि परसिमोनच्याच फांद्यांना तारेने बांधली. आमच्या झाडांना एकाच वेळी फळं आणि दुसऱ्याच झाडाची फुलं. कावळेसुद्धा दोन दिवस लांब बसून विचार करत होते.

मग साहेबांना भिंत आठवली. वेशीवरची, माझ्यासमोरची, गावातली सगळ्यात लांब. "मास्तर," ते काकांना म्हणाले, "यावर काहीतरी जुनं, गोड, खेड्यातल्या सुखाचं पाहिजे. चार अक्षरं. तुम्ही निवडा."

तुम्ही निवडा. चाळीस वर्षांत हे दोन शब्द काकांनी ऐकले नव्हते. हातातली वाटी त्यांनी माझ्या बाकावर ठेवली ती बाकाच्या कडेवर ठेवली, आणि ती खाली पडून फुटली तरी त्यांना पत्ता नाही.

आठ दिवस वही चाळणं चाललं. आधी त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे आनंदात आहेत अशा अर्थाचा शब्द काढला. पण त्यात म्हाताऱ्यांना 'पिवळे केस' म्हटलं आहे. जुन्या भाषेत फार वय झालं की केस पांढऱ्याचे पिवळट होतात, म्हणून. मियाओ साहेब म्हणाले, गावात पिवळे केस एकट्या न्हाव्याच्या मुलाचे आहेत, आणि ते बाटलीतले आहेत, वरची माणसं काय समजतील? ते बारगळलं.

शेवटी जो ठरला तो शब्द असा: कोंबडा, कुत्रा, एकमेकां, ऐकू. म्हणजे घरं अशी शेजारी शेजारी आणि गाव असं शांत, की या घरची कोंबडी त्या घरच्या कुत्र्याला ऐकू जावी. यातलं शेवटचं अक्षर मला फार आवडतं. एक दार काढायचं आणि दाराच्या आत एक कान. दाराशी कान लावून कुणीतरी बसलंय, झालं 'ऐकू'.

यावरही साहेबांनी खोडा घातला, कारण आमच्या आजच्या बोलण्यात हेच अक्षर वास घेण्यासाठी वापरतात. साहेब भिंतीपुढे उभे राहून घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, कोंबड्या आणि कुत्री एकमेकांना हुंगतात? असं लिहायचं? गावाला वास येतो म्हणून मार्क कापतील."

"हे जुन्या लोकांचं 'ऐकू' आहे, साहेब."

"जुने लोक पाहणीला येणार नाहीयेत."

पण काका पहिल्यांदाच हटून बसले, आणि साहेबांनीही कुठेतरी फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की शब्द खरा आहे आणि फार सुंदर समजला जातो. मान्य झालं. मात्र त्याच संध्याकाळी साहेबांनी लाउडस्पीकरवरून दुसरं काहीतरी जाहीर केलं. वरून परिपत्रक आलंय, पाहणीपर्यंत गावात एकही कोंबडी आणि एकही कुत्रं दिसता कामा नये.

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. काका हसले नाहीत, कारण साहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "मास्तर, भिंत लिहिणाऱ्याच्या घरापासून सुरुवात झाली पाहिजे. नाहीतर मग मी भिंतीवर तालुक्यातून छापील प्लास्टिकचा फलकच आणून लावतो. काय म्हणता?"

यीनहुआकाकूच्या अकरा कोंबड्या. अकराही तिने अंड्यांपासून वाढवलेल्या, त्यातल्या दोन तर स्वयंपाकघरात पेटाऱ्यात, स्वतःचा जुना स्वेटर अंथरून. मुलगा दूर दक्षिणेला कारखान्यात, वर्षातून एकदा येतो. सकाळी दार उघडलं की ती त्यांच्याशी जे बोलायला लागते, ते मला टोफू ढवळताना ऐकू येतं. कोण आळशी, कोण चोर, कोणाची चाल नणंदेसारखी.

काकांनी तिला काय सांगितलं मला माहीत नाही. एवढंच पाहिलं की दुसऱ्या दिवशी दोन वेळूच्या टोपल्या काठीला लावून ते पूल ओलांडून शांगवानला गेले, तिच्या बहिणीकडे. बहीण शुहुआ. या शुहुआच्या हातचं आलं घातलेलं कोंबडीचं सार पाच गावांत प्रसिद्ध आहे, यावरून काय ते समजा. काकू पुलापर्यंत गेली आणि परत आली. "हे म्हणाले, मोठं काम मिळालंय," ती मला म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या मनासारखं. थोडे दिवस तर आहेत. जाऊ देत." आणि हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं.

कुत्रं तेवढं राहिलं. म्हातारा काळा लाओहेई. त्याला पुलापलीकडे सोडलं तर तो तीनदा परत आला, म्हणून दार लावून घरात ठेवला आणि भुंकायची बंदी केली. तो दाराच्या फटीतून नुसता श्वास सोडायचा.

मग काका भिंतीवर चढले. काय तो थाट. धुतलेला निळा कोट, नवा ब्रश, आणि एकेका अक्षराला दोन-दोन दिवस. कोंबडा झाला. कुत्रा झाला. एकमेकां झालं. माणूस उंच शिडीवर होता पण त्याहून उंच वाटत होता, हे मी खोटं सांगत नाही.

आणि तिसरं अक्षर झालं त्या दिवशी माझी जीभ घसरली. काकू टोफू घ्यायला आली होती. भिंतीकडे बघत म्हणाली, "लियान, तू शिकलेली. काय लिहितायत ते? मला सांगत नाहीत. म्हणतात, पूर्ण झाल्यावर."

मी वाचलं. आवडीने वाचलं, समजावून सुद्धा सांगितलं, घर, शेजार, शांतता, कोंबड्यांचा आवाज. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. काकूने वडी घेतली नाही. भांडं तिथेच ठेवलं. "माझ्या कोंबड्या शुहुआकडे," ती सावकाश म्हणाली, "आणि इथे भिंतीवर त्यांचा आवाज."

"काकू, तसं नाही ते..."

"कसं आहे मग?"

मी वडी भांड्यात घालून पुढे केली. ती घरी गेली आणि तिने तोंडाला कुलूप लावलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. काकूचं भांडण आम्हाला सवयीचं, त्यात एक लय असते. पण ती बोलेचना. भात वाढायची, पाणी तापवायची, कपडे वाळत घालायची, सगळं वेळेवर आणि सगळं मुक्याने. काकांनी आपल्या वहीतले उत्तमोत्तम शब्द काढून पाहिले. एक-दोन तर मला ऐकवून खात्री करून घेतली. मी म्हटलं, "काका, तिला हे कळत तरी का?" ते म्हणाले, "पूर्वी कळत नसलं तरी ती शिव्या द्यायची." आणि मध्येच शुहुआचा निरोप आला की एक कोंबडी उडून गेली. दोन दिवसांनी दुसरी उडाली, मग तिसरी. शांगवानच्या कोंबड्यांना काय पंख फुटले होते कोण जाणे. तो निरोपही काकूने मुकाट्याने ऐकला, आणि मला तिच्याकडे बघवलं नाही.

काका भिंतीवर परत चढले. चौथ्या अक्षराचं दार काढलं. उजवी बाजू, डावी बाजू, वरची चौकट. फार देखणं दार. मग शिडीवरच बराच वेळ उभे राहिले, ब्रशमधून लाल थेंब गळत होते, आणि खाली उतरले. दुसऱ्या दिवशी आले, बघितलं, गेले. तिसऱ्या दिवशी तेच.

"मास्तर, आत कान राहिलाय," साहेब म्हणाले.

"हं."

"पाहणी शुक्रवारी आहे."

"हं."

हे 'हं' ऐकून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काकांकडून आजवर इतकं थोडक्यात कुणी काही ऐकलं नव्हतं. छापील प्लास्टिक मागवायला आता वेळ उरला नव्हता. साहेबांनी शेवटी प्लास्टिकचं एक अख्खं पीचचं झाड कुंडीसकट आणलं आणि त्या रिकाम्या दारापुढे ठेवलं.

शुक्रवार उजाडला. साहेबांनी गावातल्या म्हाताऱ्यांना परसिमोनच्या झाडाखाली बाकांवर बसवून 'समाधानी दिसा' अशी सूचना दिली होती. आमची माणसं समाधानी दिसायला लागली की पोटात दुखल्यासारखी दिसतात. काकूही त्यात होती, हातात विणकाम, सुया थांबलेल्या. काका भिंतीशी, ब्रश आणि रंगाची बादली घेऊन उभे, कारण लिहिणारा कलाकार दाखवायचा होता.

वरून ज्या आल्या त्या शाओ मॅडम. पन्नाशीच्या, साध्या बुटांत, माझ्या दुकानासमोर थांबून वडीचा वास घेणाऱ्या. मला तेव्हाच त्या बऱ्या वाटल्या. त्यांनी भिंत वाचायला सुरुवात केली, "कोंबडा, कुत्रा, एकमेकां..." आणि प्लास्टिकच्या झाडाकडे आल्या. दोन फांद्या हाताने बाजूला केल्या. "हे काय? नुसतं दार?"

"ही नवी शैली आहे मॅडम," साहेब म्हणाले. "मोकळेपणा दाखवायला."

"कुणी लिहिलं?"

साहेबांनी काकांना पुढे केलं. आता हा माणूस वहीतलं असं काही काढणार की मॅडमना तालुक्याला जाऊन विचारावं लागणार. काकांनी ब्रश या हातातून त्या हातात घेतला.

"बाई," ते म्हणाले, "माझी बायको एकोणीस दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तिच्या अकरा कोंबड्या मी मेहुणीकडे नेऊन टाकल्या, ही भिंत मला मिळावी म्हणून. तिला सांगितलं नाही काय लिहिणार ते. भिंत मिळाली. आता घरी काहीच ऐकू येत नाही. कान काढायला गेलो की हात उचलला जात नाही."

एवढं सरळ वाक्य आमच्या गावाने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मियाओ साहेब बुटांकडे बघायला लागले. शाओ मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "कोंबड्या का हलवल्या?"

"परिपत्रकात होतं, मॅडम."

"ते परिपत्रक मीच लिहिलंय. गल्लीत मोकाट सोडू नका, असं आहे. पाळू नका, असं कुठे आहे?"

"मी जरा... जास्तीची काळजी घेतली."

तेवढ्यात झाडाखालून आवाज आला. एकोणीस दिवसांनी आलेला, म्हणून जरा खरखरीत. "हे घरी सांगता येत नव्हतं का? सरकारी माणसांपुढे काढायचं होतं?"

काका वळले. त्यांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही, मला रडू येतं. "घरी तू ऐकत नव्हतीस," ते म्हणाले.

"बोलत नव्हते," काकू म्हणाली. "ऐकत होते. सगळं ऐकत होते. तुम्ही ती वहीच वाचत बसलात."

बाकांवरचे म्हातारे आता खरोखर समाधानी दिसत होते. शाओ मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "चला, आता काढा कान." काकांनी ब्रश बादलीत बुडवला, शिडीवर पाय ठेवला.

"खाली ठेवा तो," काकू उठून उभी राहिली. "आधी माझ्या कोंबड्या. शुहुआकडे आज पाहुणे जेवायला आहेत."

हे ऐकल्यावर काका असे काही पळाले की ब्रश कुठे, बादली कुठे. मियाओ साहेब "मास्तर, फोटो राहिलाय" म्हणत पुलापर्यंत गेले आणि परतले. तो फोटो पंचायतीत लावलाय. त्यात शाओ मॅडम आहेत, साहेब आहेत, मी सुद्धा कडेला आहे, आणि ज्याने भिंत लिहिली तो नाही. नीट बघितलं तर मागे पुलावर दोन माणसं दिसतात, पुढची बाई हात नाचवत बोलतेय, मागचा म्हातारा टोपल्या घेऊन धावतोय.

अकरातल्या सात मिळाल्या. आठवी चुलीवर होती. काकूने ती बहिणीच्या पाहुण्यांदेखत पातेल्यासकट उचलली आणि पातेलं डोक्यावर घेऊन घरी आणली. कान दुसऱ्या दिवशी काढला गेला, दाराच्या मानाने जरा मोठाच. पण मला लक्षात राहिली ती शुक्रवारची संध्याकाळ. मी दुकानाच्या फळ्या लावत होते आणि फंगांच्या घरातून काकूचा आवाज थेट वेशीपर्यंत आला, "अहो, गरम आहे, फुंकून खा."